हरणी परत येते का? एका कारवानी कुत्रीच्या ट्रेनिंगच्या नोंदी

4 ऑगस्ट 2024

हरणी आता घरात रुळली. डॉक्टर म्हणाले लसीचं वेळापत्रक नीट चाललंय, रेबीजची तेवढी पुढच्या आठवड्यात. म्हणून आजपासून लिहायला घेतेय. प्रकल्प एकच ठेवलाय: शिट्टी वाजली की हरणीनं मागं वळायचं आणि माझ्यापर्यंत यायचं, समोर काहीही पळत असलं तरी. बस, झोप, शेकहँड हे होईल तेव्हा होईल, त्याची मला अजिबात घाई नाही.

ती कारवानी आहे, म्हणजे नजरेनं शिकार हेरून मागं पळणाऱ्या सडपातळ हाऊंड कुत्र्यांतली दख्खनची जात, मोहोळ तालुक्यातल्या आमच्या गावाकडची, अण्णांच्या मित्राच्या कुत्रीची पिल्लं झाली त्यातली एक. रंग तांबूस, छातीवर पांढरा ठिपका, पाय आत्ताच एवढे लांब की जिना उतरताना मागचे कुठं ठेवायचे हे तिला कळत नाही. येणारा जाणारा विचारतो खायला घालत नाही का हो, तर घालतो, भरपूर घालतो, पण या जातीच्या शेवटच्या दोनतीन बरगड्या दिसल्याच पाहिजेत, गुबगुबीत कारवानी म्हणजे आजारी कारवानी.

परत येण्यावरच एवढा जोर का, तर आम्ही राहतो सोलापुरात, होटगी रोडच्या बाजूला, आणि दोन गल्ल्या ओलांडल्या की मोकळं रान लागतं. ससे आहेत, मुंगूस आहेत, टिटव्या आहेत, कधी खोकड दिसतं. उत्तरेला नान्नजकडं माळढोक अभयारण्य आणि काळवीट. ससा लागला की कारवानी सुटणार, ती त्याचसाठी घडवलेली आहे. पण वन्यजीव संरक्षण कायदा 1972 पासून आहे आणि सशाची शिकार हा गुन्हा आहे, कुत्र्यानं केली तरी कुत्र्याला सोडणारा माणूसच जबाबदार. शिवाय हायवे आहे, रेल्वेलाईन आहे, उघड्या विहिरी आहेत. पळत सुटलेल्या हाऊंडला यातलं काहीही दिसत नाही, त्याला फक्त पुढं पळणारं दिसतं.

गावाकडं सगळे सांगतात की ही जात हट्टी, ऐकत नाही. मला हे पटत नाही. मेंढराचं कुत्रं दर थोड्या वेळानं धनगराकडं बघतं कारण त्याचं कामच तसं आहे. लॅब्रेडॉर मारलेलं बदक आणून हातात द्यायला घडवलेला, म्हणजे त्याचं काम माणसापाशी येऊन संपतं. कारवानीचं काम माणसापासून लांब गेल्यावर सुरू होतं. ससा वळला तर आपण कुठं वळायचं हे तिनं स्वतःच ठरवायचं, तिथं विचारायला कोणी नसतं. पिढ्यान्‌पिढ्या आपणच अशी कुत्री निवडली, आणि आता फ्लॅटमध्ये आणून म्हणायचं की ही विचारत का नाही. मग तिला विचारायची सवय लावणं हे आपलं काम झालं ना.

18 ऑगस्ट 2024

शिट्टीचं काम सुरू. नावानं बोलवायचं नाही असं घरात सगळ्यांना सांगून ठेवलंय, म्हणजे नाव घ्या, लाड करा, ओरडा, काय करायचं ते करा पण परत बोलवण्यासाठी नाव वापरायचं नाही. कारण हरणी हरणी हे ती दिवसभर ऐकते, त्याचा अर्थ कधी जेवण, कधी चप्पल सोड, कधी नुसतंच कौतुक, त्यामुळे त्या शब्दात काही दम राहत नाही. शिट्टीचा अर्थ मात्र एकच असायला पाहिजे.

पद्धत सोपी आहे. शिट्टीच्या दोन छोट्या फुंका आणि लगेच तोंडात कलेजीचा तुकडा. ती शेजारी उभी असतानाच. तिला काहीच करायचं नाहीये, नुसतं कळायचंय की हा आवाज आला की जगातली सगळ्यात भारी गोष्ट येते. शेळीची कलेजी उकडून, नखाएवढे तुकडे करून, तव्यावर मंद आचेवर कोरडी केलीय. ही कलेजी शिट्टीशिवाय कशालाही मिळणार नाही. बसल्याबद्दल बिस्कीट, पोळीचा तुकडा, गाजर काहीही चालेल, पण कलेजी फक्त शिट्टीची.

आज संध्याकाळी ती बाल्कनीत कबुतर बघत होती, मी किचनमधून शिट्टी वाजवली आणि ती फरशीवर घसरत कोपऱ्यावर आपटून आली. घरात झालं म्हणजे काहीच झालं नाही हे मला माहितीये, पण सुरुवात बरी आहे.

15 सप्टेंबर 2024

गणपती बसलेत, गल्लीत ताशाचा सराव रोज. तिला लांबूनच ऐकवतेय, म्हणजे गच्चीवरून, जिथून आवाज येतो पण ती खायला घेते एवढ्या अंतरावरून. खाणं नाकारलं की समजायचं आपण फार जवळ आलोय. मग मागं यायचं. बास, यात जास्त डोकं लावायचं नाही.

सामान जमवलं. हे सविस्तर लिहिते कारण यातच लोक कुत्र्याला इजा करून बसतात. कारवानीचं डोकं मानेपेक्षा अरुंद असतं, साधा पट्टा मागं ओढला की कानावरून निसटतो. म्हणून मार्टिंगेल पट्टा, म्हणजे ओढल्यावर थोडासाच आवळतो आणि तिथंच थांबतो. बाजारात रुंद पट्ट्याचा मिळेना, शेवटी चामड्याचं काम करणाऱ्या एका काकांकडून मापाचा शिवून घेतला, दोन इंच रुंद, आतून मऊ कापड.

लांब दोरी मात्र पट्ट्याला कधीच लावायची नाही. दहा मीटरच्या दोरीच्या टोकाला हे कुत्रं पूर्ण वेगात पोचलं आणि झटका मानेला बसला तर मान जायबंदी होऊ शकते. दोरीसाठी वेगळा हार्नेस, कडी पाठीवर. दोरी म्हणून नायलॉनची निवार घेतली, गोल दोरी हाताला कापते. टोकाला फास ठेवला नाही, झुडपात अडकतो. आणि हातात बागकामाचे जाड ग्लोव्ह्ज, हे ऐच्छिक नाही.

20 ऑक्टोबर 2024

अण्णा आलेत चार दिवसांसाठी. त्यांच्या लहानपणी घरात कारवानी असायचे, आजोबा पहाटे रानात घेऊन जायचे. मी शिट्टी वाजवून हरणीला गच्चीच्या दुसऱ्या टोकावरून बोलवून दाखवली तर म्हणाले, "पोरी, गच्चीवर मांजरपण येतं. ससा उठल्यावर आणून दाखव."

मी म्हटलं अण्णा, तुम्ही कसं आणायचात? तर म्हणाले, आणत नव्हतोच, सुटली की सुटली, आम्ही जिथून सोडली तिथंच बसून राहायचो, तंबाखू मळत. पळून दमली की ती त्याच जागेला येते, आपण शोधत फिरलो तर चुकामूक होते. ही गोष्ट मी मोठ्या अक्षरात वहीत लिहून ठेवलीय.

त्यांचं बरोबरच आहे, गच्चीवरचं येणं म्हणजे ससा सोडून येणं नाही. म्हणून आता पळणारी गोष्टच ट्रेनिंगमध्ये आणलीय. लांब बांबू, त्याला सुती दोरी आणि टोकाला जुन्या सोलापुरी टॉवेलची निळी पट्टी. कुत्र्यांना लाल आणि हिरवं वेगळं ओळखता येत नाही, निळं आणि पिवळं नीट दिसतं, गवतात लाल चिंधी टाकली तर ती आपल्याला उठून दिसते पण त्यांना नाही. मुलगा बांबू फिरवतो, पट्टी जमिनीलगत सापासारखी सरकते आणि हरणी वेडी होते. तिच्या डोळ्यांत जे येतं ते कलेजीसाठी कधी आलेलं नाही.

हेच मला पाहिजे होतं. डेव्हिड प्रीमॅक नावाच्या मानसशास्त्रज्ञानं मांडलेलं तत्त्व आहे, की जी गोष्ट करायला प्राण्याला मनापासून आवडते ती कमी आवडणाऱ्या गोष्टीचं बक्षीस म्हणून वापरता येते. आपल्याकडं आया हेच करतात, आधी भाजी संपव मग आमरस. पळणं हेच या कुत्रीचं आमरस आहे. तर पळण्यापासून तिला तोडायचं नाही, पळणं माझ्या हातातून मिळायला लावायचं.

सध्या फक्त थोडा थोडा वेळ आणि मोठे गोल, कारण उंच जातीच्या पिल्लांची हाडं वर्षभर तरी, कधी दीड वर्ष वाढत असतात. गर्रकन वळवणं, उड्या मारायला लावणं आत्ता नाही. आणि जेवणाच्या आधी नंतर तासभर तरी पळवायचं नाही. खोल छातीच्या कुत्र्यांमध्ये पोट फुगून पीळ बसायचा धोका असतो आणि मग काही तासांचाच खेळ उरतो.

3 नोव्हेंबर 2024

दिवाळी. फटाक्यांमुळे बाहेरचं काम बंद. खिडक्या बंद, पंखा फुल, आतल्या खोलीत बेडखाली गादी. लक्ष्मीपूजनाच्या रात्री थरथरत होती, मी तिच्याजवळ बसून राहिले. घाबरल्यावर जवळ घेतलं की भीती वाढते असं कोणी सांगितलं तर ऐकू नका, भीती ही काही बक्षीस मिळवायला केलेली युक्ती नसते.

8 डिसेंबर 2024

आजची नोंद लांब होणार आहे, कारण जे हाताला लागलंय ते महत्त्वाचं आहे.

ओळखीच्या एका काकांचं रिकामं रान आहे, चारी बाजूंनी तारेचं कुंपण, पलीकडं शाळू उभा आहे. रोज सकाळी तिथं लांब दोरीवर. दोरी हातात नाही, जमिनीवर सरपटत असते, गरज पडली तर पाय ठेवायचा. हरणी पुढं चालते आणि मी तिच्याकडंच बघत राहते, बाकी कुठं नाही.

कारवानी जेव्हा काही बघते तेव्हा आधी तोंड बंद होतं. धापा टाकत असेल, जीभ बाहेर असेल, ती एकदम आत जाते आणि तोंड मिटतं. मग कान मुळापासून वर येतात, टोकं मागं पडलेली असतात ती पुढं वळतात. मान लांब होते. शेपटी पाठीच्या रेषेत येऊन थांबते, हलत नाही. मग एक पुढचा पाय उचलला जातो आणि वजन मागच्या पायांवर जातं. आणि मग ती नसते तिथं.

तोंड मिटण्यापासून वजन मागं जाण्यापर्यंत जेमतेम एक दोन सेकंद मिळतात. सगळं ट्रेनिंग त्या फटीत बसवायचंय. वजन मागं गेल्यावर शिट्टी वाजवली तर ती वाया जाते, एवढंच नाही, ती शिट्टी तिच्यासाठी मागं चाललेला एक आवाज होऊन बसते, टिटवी ओरडावी तसा. तोंड मिटलं त्या क्षणी वाजवली तर डोकं वळतं. आज सकाळी शाळूच्या कडेला गायबगळे उतरले, तोंड मिटलं, कान आले, मी वाजवली आणि तिनं माझ्याकडं बघितलं, परत बगळ्यांकडं बघितलं, आणि आली. मी कलेजी दिली नाही, मुलाला हात केला आणि निळी पट्टी झाडामागून निघाली. काय पळाली! बगळे सोडून आलं की त्याहून भारी पळायला मिळतं हे तिच्या डोक्यात आज गेलं असणार, कारण पुढच्या वेळी येताना तिचा वेगच वेगळा होता.

तिचे डोळे काय चीज आहेत हे वाचल्यावर माझा तिच्यावरचा जीव अजून वाढला. लांब नाकाच्या कुत्र्यांच्या डोळ्याच्या पडद्यावर पेशींची एक आडवी दाट पट्टी असते, छोट्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांमध्ये ती तेवढी नसते. त्यामुळे क्षितिजाच्या रेषेवर कुठंही काही हललं की हिला कळतं, मला तिथं नुसतं रान दिसत असतं. म्हणजे ती उगाच कुठंतरी बघत असते असं जे आपण म्हणतो ना, ते उगाच नसतंच, बघायला आपल्याकडं तो डोळा नाही.

आणखी एक गोष्ट. येताना हात दोन हात अंतरावर आली की ती वळसा घालून बाजूला जायची. बऱ्याच हाऊंडवाल्यांची हीच तक्रार, येतो पण हाताला लागत नाही. त्यावर उपाय म्हणजे कलेजी पुढं हात करून द्यायची नाही, दोन पायांच्या मध्ये, गुडघ्याला चिकटवून धरायची, आणि तोंडात देताना दुसऱ्या हातानं पट्टा अलगद धरायचा, मग परत सोडून द्यायचं. पट्ट्याला हात लागणं हाच खाऊचा भाग झाला पाहिजे. आणि शिट्टी वाजवून घरी न्यायचं नाही, म्हणजे दहापैकी नऊ वेळा तरी परत मोकळं सोडायचंच. आंघोळीला, नखं कापायला, गाडीत बसवायला शिट्टी कधीच नाही, त्यासाठी आपण चालत जाऊन आणायचं.

19 जानेवारी 2025

गड्ड्याचे, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेचे दिवस. यात्रेच्या गर्दीत नेत नाही, दारूकामाच्या रात्री दिवाळीचीच व्यवस्था केली, यावेळी थरथरली नाही, कान टवकारून बसून राहिली.

पण रानात मात्र सगळं बिनसलंय. आठ महिन्यांची झाली आणि जणू शिट्टी म्हणजे काय हेच तिला माहिती नाही. बघते, ऐकते, आणि परत वास घेत राहते. मुलगा चिडला, म्हणाला आई हिला येतंय तरी करत नाही. 2020 मध्ये इंग्लंडमधल्या संशोधकांनी गाइड डॉग होणाऱ्या पिल्लांवर केलेला अभ्यास आहे, त्यात आठ महिन्यांच्या वयात कुत्री आपल्या माणसाचं कमी ऐकतात, पण अनोळखी माणसाचं ऐकणं मात्र कमी होत नाही असं दिसलं. आपली चौदा पंधरा वर्षांची पोरं वागतात तेच. आणि ते जातं, हेही त्याच अभ्यासात होतं.

म्हणून या महिन्यात काही नवीन शिकवत नाही. अंतर अर्धं केलं. बगळ्यांच्या बाजूला जाणं बंद. जिथं ती नक्की येईल तिथंच वाजवायची. माझा नियम असा की येईल यावर मी पैज लावू शकत नसेन तर शिट्टी खिशात राहू द्यायची आणि दोरी धरून चालत जायचं.

9 फेब्रुवारी 2025

आज हार्नेसच्या दोरीचा हुक तुटला. नवीनच होता, ओतीव धातूचा, मधोमध भेगाळून तुटला. मुंगूस बांधावरून गेलं, हरणीनं झेप घेतली, कट असा आवाज आला आणि कुंपणाच्या खालच्या घळीतून ती बाहेर.

तांबडी रेघ शाळूच्या कडेनं गेली आणि दिसेनाशी झाली. मुलगा पळायला लागला तर त्याला अडवलं. अण्णांचं वाक्य डोक्यात होतं. जिथून सुटली तिथंच उभं राहायचं. शिट्टी लगेच वाजवली नाही, कारण ती मुंगसामागं असताना वाजवून काही उपयोग नव्हता. पोराला रस्त्याच्या बाजूला उभं केलं, गाडी आली तर हात करायला, आणि मी तिथंच. किती वेळ गेला सांगता येत नाही, पोटात गोळा आला होता. मग लांब बांधावर ती दिसली, थांबलेली, तोंड उघडं, जीभ बाहेर, इकडंतिकडं बघत होती. तोंड उघडं दिसलं म्हणजे डोळ्यासमोर आता काही नाही. तेव्हा वाजवली. आणि ती आली, सरळ, दोन्ही कान मागं पाडून, बांध ओलांडून, गुडघ्यात येऊन धडकली. खिशातली सगळी कलेजी दिली. एक शब्द रागाचा नाही. परत आलेल्या कुत्र्याला जो मारतो तो त्याला परत न यायला शिकवतो, गावाकडं हे रोज बघितलंय आणि प्रत्येक वेळी वाईट वाटलंय.

पुढच्या पायाच्या गादीत वेड्या बाभळीचा काटा मोडला होता, डॉक्टरांकडं जाऊन काढला. यांची कातडी पातळ, अंगावर चरबी नाही, त्यामुळे तारेचं काटेरी कुंपण आणि बाभूळ यांच्यापासून फार जपावं लागतं. पुढं कधी ऑपरेशनची वेळ आली तर डॉक्टरांना हाऊंड आहे हे आधीच सांगायचं, भुलीची काही औषधं या जातींच्या अंगातून सावकाश उतरतात.

आता हुक लोखंडी, वजन पेलणारा, गिर्यारोहणाच्या दुकानातला. घळ दगडांनी बुजवली.

2 मार्च 2025

द्राक्षांचा सीझन आहे, पेट्याच्या पेट्या घरोघर. शेजारच्या काकू प्रेमानं द्राक्षं टाकत होत्या गेटमधून, त्यांना हात जोडून सांगितलं. द्राक्षं आणि बेदाणे दोन्ही कुत्र्यांच्या किडनीला घातक, काही कुत्र्यांना थोडीही पुरतात. सोलापूर, पंढरपूर, सांगली पट्ट्यात हे प्रत्येक कुत्रेवाल्याला माहिती पाहिजे.

एकांनी ओळखीतून ट्रेनर पाठवला. बघताक्षणी म्हणाला हिला अल्फा, म्हणजे कळपाचा राजा कोण ते, दाखवायला लागेल, पाठीवर पाडून धरा, काटेरी पट्टा घाला. मी चहा दिला आणि निरोप दिला. ही अल्फाची कल्पना पिंजऱ्यात एकत्र कोंडलेल्या अनोळखी लांडग्यांच्या निरीक्षणातून आली, आणि लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक, ज्यांच्यामुळं ती जगभर पसरली, त्यांनीच 1999 मध्ये लिहिलं की रानातला कळप म्हणजे आईवडील आणि त्यांची पिल्लं, मारामारी करून झालेला राजा वगैरे काही नाही. आमच्या सोलापूरच्या माळावर खरे लांडगे आहेत आणि तेही असेच कुटुंबानं राहतात. कारवानी तर फार हळवी जात आहे, एकदा विश्वास गेला की डोळ्याला डोळा देत नाही, आणि जी माझ्याकडं बघणारच नाही तिला मी बोलवणार कशी?

हट्टी जात शिकत नाही म्हणणाऱ्यांसाठी: 2016 मध्ये लष्करानं मुधोळ हाऊंडची पिल्लं मेरठच्या केंद्रात ट्रेनिंगसाठी नेली. मुधोळ काय नि कारवानी काय, दख्खनचंच रक्त.

13 एप्रिल 2025

ऊन. चाळिशी पार झालंय. पहाटे साडेपाचला रानात, सव्वासहाला परत. डांबरावर हाताची मागची बाजू ठेवून बघायची, पाचसहा सेकंद ठेववत नसेल तर कुत्र्याचा पायपण ठेवायचा नाही. गोचिड्या वाढल्यात, रोज कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात बघते, टिक फीवर इकडं फार.

चांगली बातमी म्हणजे शिट्टी परत आली! जानेवारीत जे हरवलं होतं ते सगळं आहे. आता पळतानाचं काम. निळी पट्टी पळतेय, ती मागं पळतेय, मुलगा बांबू थांबवतो, पट्टी मेल्यासारखी पडते, त्याच क्षणी शिट्टी. थांबलेली गोष्ट सोडून यायला सोपं. ती आली की पट्टी परत जिवंत. पुढची पायरी पट्टी हळू चालू असताना, आणि मग पूर्ण वेगात. एका वेळी एकच गोष्ट अवघड करायची, अंतर वाढवलं तर वेग कमी, वेग वाढवला तर अंतर कमी.

22 जून 2025

पहिल्यांदाच माजावर आली. अर्धी गल्लीतली कुत्री गेटबाहेर. रानात जाणं बंद, छोट्या दोरीवर, रात्री उशिरा. घरातल्या घरात वास शोधायचे खेळ, जुन्या टॉवेलच्या घड्यांत खाऊ लपवून. नसबंदी कधी करायची ते डॉक्टरांशी बोलून ठरवतेय, उंच जातीत हाडं पूर्ण झाल्यावर करावी असं त्यांचंही मत पडलं.

31 ऑगस्ट 2025

पाऊस चांगला झालाय, रान हिरवं, गवत तिच्या पोटापर्यंत. अण्णा आलेत गणपतीला. त्यांना सकाळी रानात नेलं.

दोरी काढली. कुंपण सगळं फिरून बघितलं होतं. मुलगा लांबच्या टोकाला, पट्टी गवतातून निघाली आणि हरणी सुटली. पूर्ण वेगात, चारी पाय हवेत, पाठीची कमान होते आणि सरळ होते ते बघतच राहावं असं. मी शिट्टी फुंकली. पट्टी थांबली नव्हती, पुढं पळतच होती. तिचे कान मागं आले, मागचे पाय घसरले, मातीचा लोट उठला आणि ती वळली. माझ्याकडं! गुडघ्यात डोकं घातलं, मी पट्टा धरला, कलेजी दिली आणि म्हटलं घे. परत सुटली.

अण्णा काही बोलले नाहीत थोडा वेळ. मग म्हणाले, "आमच्या बापाला दाखवायला पाहिजे होतं." आणि मग, "पण टॉवेल आहे तो."

28 सप्टेंबर 2025

अण्णांच्या त्या शेवटच्या वाक्यावर महिनाभर काम केलं. बगळे, टिटव्या, लांबून जाणारी शेळ्यांची रांग, सगळ्यांवर लांब दोरीवर वाजवली, बहुतेक वेळा वळली. मुंगूस जवळून उठलं तेव्हा नाही वळली. मला ते तसंच लिहून ठेवायचंय.

त्यामुळे निर्णय असा. कुंपणाच्या रानात मोकळी. उघड्या माळावर लांब दोरी, आयुष्यभर, यात मला काही कमीपणा वाटत नाही. नान्नजच्या बाजूला तर दोरीवरसुद्धा नेणार नाही. तिथं काळवीट विणीत असतं, जमिनीवर घरटी असतात, आणि आपल्या कुत्र्यांकडून डिस्टेंपरसारखे रोग लांडग्याला, खोकडाला लागू शकतात. तिला पळायला मी टॉवेल देईन, जेवढा मागेल तेवढा, त्या जिवांना मधे घेणार नाही.

शिट्टीचं काम चालूच राहणार, कलेजी बंद करायची नाही, पगार बंद झाला की कोणीही काम सोडतं. फक्त आता दर वेळी एकच बक्षीस नाही, कधी कलेजी, कधी पट्टी, कधी दोन्ही, म्हणजे काय मिळणार याची तिला उत्सुकता राहते. पुढच्या आठवड्यात मोहोळला जातोय, हिच्या आईच्या नव्या विणीतलं एक पिल्लू अण्णांना हवंय. त्यांनी काल फोनवर विचारलं, शिट्टी कुठल्या दुकानात मिळते.